शनिवारचा भाव

आर्डिस क्लुंडर खुर्चीत बसत नाही, खुर्चीला टेकते. एप्रिलच्या एक तारखेपासून रोज सकाळी सव्वानऊला ती आमच्या ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या संगणकापुढे येऊन टेकायची आणि मी माझ्या टेबलामागून घड्याळ बघायची. चार मिनिटांच्या वर ही बाई एका जागी राहिली तर स्वतःला एक कॉफी पाजायची, असं मी ठरवलं होतं. दोन आठवडे मी कॉफीवाचून काढले.

आर्डिस अडुसष्ट वर्षांची. सकाळी शाळेची बस चालवते, नऊला मोकळी होते, दुपारी अडीचला पुन्हा बसवर. त्याआधी सव्वीस वर्षं ती इथल्या कागदाच्या गिरणीत उभ्याने काम करत होती, कागदाचे गठ्ठे मोजून बांधायचं. गिरणी इथून हलली तेव्हा बाकीच्या बायका म्हणाल्या, चला, पाय तरी मोकळे झाले. आर्डिस दुसऱ्या आठवड्यात बसचा परवाना काढायला गेली. चर्चमध्ये ती प्रवचनाच्या वेळी मागे उभी राहते. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर पानावरून उठून तुमचीच भांडी घासायला लागते. तिच्या लिंबाच्या वड्या गावात नावाजलेल्या आहेत, पण त्या खाताना तिला कुणी पाहिलेलं नाही.

एलरॉय, तिचा नवरा, गिरणीतलाच, पण नेमका उलटा. हा माणूस हरणांच्या शिकारीच्या मोसमात मचाणावर आठ आठ तास असा बसायचा की पाखरू येऊन त्याच्या टोपीवर टेकायचं. त्यांची गावाबाहेर चाळीस एकर रानाची जमीन आहे, सगळे तिला नुसतं 'चाळीस' म्हणतात. तिथल्या एका जुन्या ओकवर त्याचं मचाण होतं. सात वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या शनिवारी, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, तो त्याच मचाणावर हृदय बंद पडून गेला. मचाण अजून आहे.

दर वर्षी आर्डिस स्वतःचा कर स्वतः भरते, घरी जुन्या संगणकावर, विकतच्या सॉफ्टवेअरने. एलरॉय होता तेव्हाही तीच भरायची, कारण तो एका रकान्यापाशी तीन दिवस बसून राहायचा. ज्यांनी हे सॉफ्टवेअर वापरलंय त्यांना माहीत असेल, स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. हिरवा असला की सरकार तुम्हाला देणं लागतं, लाल असला की तुम्ही सरकारला. एकेक कागद भरत जावं तसा तो आकडा हलत राहतो, आणि माणसं कागदाकडे न बघता त्या कोपऱ्याकडेच बघत बसतात. यंदा आर्डिसचा आकडा लाल झाला. सोळा हजार दोनशे बारा डॉलर. घरच्या संगणकाने चूक केली असेल म्हणून ती आमच्याकडे आली. आमच्या संगणकानेही तेच सांगितलं.

झालं होतं असं. गेल्या जूनमध्ये गारपिटीने घराचं छप्पर गेलं. त्याच महिन्यात तिकडे ग्रीन बे शहरात तिच्या मुलीचा, जोलीनचा, घटस्फोट झाला आणि दोन पोरांसकट तिचं घर बँकेच्या ताब्यात जायची वेळ आली. आर्डिसने कुणाला न विचारता गिरणीचे सगळे शेअर विकले. तेराशे शेअर, अठ्ठ्याऐंशी हजार चारशे डॉलर. तीस हजार छपराच्या आणि विहिरीच्या दुरुस्तीत घातले, उरलेले जोलीनला दिले. पुन्हा त्याविषयी बोलली नाही.

फेब्रुवारीत दलालांच्या कंपनीकडून विक्रीचा कागद आला. सॉफ्टवेअर असे कागद स्वतःच ओढून घेतं, आपण फक्त टिचकी मारायची. विकले कितीला, ते त्यात होतं. घेतले कितीला, तो रकाना मोकळा होता, कारण हे शेअर फार जुने, आणि तेव्हा दलालांनी खरेदीची नोंद ठेवलीच पाहिजे असा कायदा नव्हता. मोकळा रकाना म्हणजे शून्य, असं सॉफ्टवेअरने धरलं. सगळेच्या सगळे पैसे नफा.

"हे खोकं काय म्हणतंय बघ," आर्डिस पहिल्याच दिवशी अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हणतंय, मला शेअर फुकट मिळाले. एकवीस वर्षं दर आठवड्याला पगारातून कापून घेतले. एलरॉयचे वीस डॉलर, माझे पंधरा. आणि म्हणे फुकट."

"मला बघता येत नाही, आर्डिस. पाटी वाच."

माझ्या टेबलावर दर जानेवारीत एक पाटी लागते: ग्रंथालयातले कर्मचारी कराबाबत सल्ला देत नाहीत.

"पाटी तूच लिहिलीस ना?"

"म्हणून तर पाठ आहे."

"गठ्ठे बांधणाऱ्या बायका बऱ्या होत्या तुझ्यापेक्षा," ती म्हणाली आणि पाणी प्यायला उठली. तीन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तिने बुटांचं खोकं आणलं. त्यात पगाराच्या चिठ्ठ्या. एकेका आठवड्याला किती शेअर घेतले, काय भावाने घेतले, हे जुळवून खरेदीची किंमत काढायची, असं तिने ठरवलं होतं. ती एक चिठ्ठी लिहून घ्यायची, उठायची, खिडकीतून बस दिसते का बघायची, परत येऊन दुसरी लिहायची. आठवडाभरात ती त्र्याण्णव सालापर्यंत पोचली. चौऱ्याण्णव उंदरांनी खाल्लं होतं. पंच्याण्णव ते अठ्ठ्याण्णव खोक्यात नव्हतंच.

"अंदाजाने भरतात लोक," मी म्हटलं. हा सल्ला नव्हता, लोक काय करतात ते सांगितलं.

"अंदाजाने? मी पोरांना अंदाजाने घरी सोडते का गं? याचं पोर त्याच्या दारात, त्याचं याच्या?"

"मग सरकारला हप्त्याने दे."

"मी कुणाची देणेकरी राहत नाही. चाळीस विकीन."

हीच तर भीती होती. चाळीसच्या शेजारी ब्रँडलचा दुधाचा गोठा आहे, दीडशे गाई. त्याला चारा पिकवायला जमीन हवीच होती. त्याने सरळ भाव सांगितला होता आणि पंधरा तारखेपर्यंत उत्तर मागितलं होतं, कारण पलीकडचीही एक जमीन विकायला होती. पंधरा तारीख म्हणजे कर भरायचाही शेवटचा दिवस. ब्रँडल वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. दहा एकरच घे म्हटलं असतं तर त्याच्या उपयोगाचं नव्हतं, सगळी जमीन घ्यायची तर घ्यायची. आर्डिसने त्याला 'बघते' म्हटलं होतं. सोळा हजार उभे राहिले नाहीत तर ओक, मचाण, सगळं मक्याखाली जाणार होतं.

मी पाटीची बाई आहे. नियम मोडणाऱ्या माणसांचा मला राग येतो, वाचनकक्षात इथले ते चीजचे ताजे गोळे चण्यांसारखे करकर चावणाऱ्यांचा तर फारच. पण आठव्या दिवशी मासिकं लावता लावता मी तिच्या मागून गेले आणि स्क्रीनवर नजर पडली. पडली ती पडली. सॉफ्टवेअरचा प्रश्न होता: हे शेअर तुमच्याकडे कसे आले? खाली चार पर्याय. विकत घेतले, वारशाने मिळाले, भेट मिळाली, नोकरीत मिळाले. आर्डिसने 'विकत घेतले' वर टिचकी मारलेली होती.

मी टेबलाशी परत आले. कर खात्याचं जाडजूड पुस्तक आमच्याकडे दर वर्षी येतं, कुणी उघडत नाही, मी उघडते. हवं ते पान काढलं आणि पुस्तक उघडंच तिच्यापुढे नेऊन ठेवलं.

"हे काय?"

"पुस्तक. पुस्तक देणं माझं काम आहे. पान उघडं राहिलं तर तो वाऱ्याचा दोष."

"खिडकी बंद आहे."

"वाच, आर्डिस."

तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं. आमच्या विस्कॉन्सिनसारख्या काही राज्यांत नवरा-बायकोची कमाई दोघांची मिळून एक धरतात. त्या दोघांतलं एक गेलं की त्या मालमत्तेची खरेदीची किंमत पुसली जाते आणि मरणाच्या दिवसाचा भाव हीच नवी किंमत होते. गेलेल्याच्या अर्ध्याचीच नाही, मागे राहिलेल्याच्या अर्ध्याचीसुद्धा. पगाराच्या चिठ्ठ्यांची गरजच नव्हती. एक टिचकी बदलायची आणि एक तारीख घालायची.

मला वाटलं, ती मला मिठी मारील. ती उभी राहिली. मानेपासून लाल होत गेली.

"म्हणजे मी 'वारशाने मिळाले' म्हणायचं."

"पुस्तक तसं म्हणतं."

"आणि माझे पंधरा डॉलर? या पायांच्या शिरा बघ. त्या काय वारशाने मिळाल्या? खातं त्याच्या नावावर होतं, कारण त्या दिवशी कारकुनाकडे एकच अर्ज उरला होता. आम्ही विकत घेतले."

"आर्डिस, सोळा हजार डॉलर आहेत."

"त्याच्या मरण्यातून मला काही मिळालेलं नाही," ती म्हणाली, हळू. तिला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग कोट घेऊन गेली. बुटांचं खोकं तिथेच राहिलं.

मी चिडले. गर्विष्ठ म्हातारी, असं मी मनात म्हटलं आणि सहकाऱ्यांपाशी मोठ्यानेही म्हटलं. एका टिचकीचा मान राखायला रान घालवणार. चार दिवस ती आली नाही. मला टेबलामागे बसवेना. अडीचला मी पायरीवर जाऊन उभी राहायची, बस समोरून जायची, आर्डिस समोर बघून चालवायची. तिसऱ्या दिवशी मी हात केला. तिने पुढची गाडी बघितली.

सोमवारी, चौदा तारखेला, दुपारी एकच्या सुमाराला ती आली. बुटांना चिखल, मुठीत गुलाबी फीत. मोजणीवाले झाडांना बांधतात तसली.

"ब्रँडलने मोजणीचा माणूस पाठवला," ती म्हणाली. "मी 'बघते' म्हटलं होतं. 'हो' म्हटलं होतं का? ओकला बांधलीन फीत. शिडीच्या पहिल्या पायरीला." तिने फीत माझ्या पाटीवर टाकली. "ये. बटण दाब."

"मला दाबता येत नाही."

"मग उभी तरी राहा इथे."

मी उभी राहिले. तिने 'विकत घेतले' वरची टिचकी काढली आणि 'वारशाने मिळाले' वर मारली. सॉफ्टवेअरने तारीख विचारली. ती तिने न थांबता लिहिली. मग त्याने विचारलं, त्या दिवशीचा भाव काय होता?

"शनिवार होता," आर्डिस म्हणाली. "मोसम शनिवारीच सुरू होतो."

शनिवारी बाजार बंद. शनिवारला भाव नसतो. पुस्तकात त्याचीही सोय होती: अलीकडच्या शुक्रवारचा सगळ्यात चढा आणि सगळ्यात उतरता भाव घेऊन त्यांचा मधला काढायचा, पलीकडच्या सोमवारचाही तसाच, आणि त्या दोन्हींचा मधला धरायचा. जुने अंक काढून देणं हे तर निव्वळ ग्रंथपालाचं काम. मी तळघरात धावले. आमच्याकडच्या दैनिकात जिल्ह्याशी संबंध असलेल्या कंपन्यांचे भाव छापतात, गिरणी गेली तरी तिचं नाव काढलेलं नाही. सात वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरची बांधलेली फाईल छातीशी धरून मी वर आले.

शुक्रवारचे भाव शनिवारच्या अंकात सापडले. मधला सहासष्ट डॉलर वीस सेंट. सोमवारचे भाव मंगळवारच्या अंकात असणार. मी पान उलटलं आणि उलटताच समजलं की काय केलं. डाव्या हाताला बाजारभाव, उजव्या हाताला मृत्युवार्ता, आणि तिथे वरून दुसरा फोटो एलरॉयचा, शिकारीची नारिंगी टोपी घातलेला. मी हात ठेवून झाकायला गेले. आर्डिसने माझा हात बाजूला केला.

"भाव वाच," ती म्हणाली.

"मधला पासष्ट चाळीस."

"दोन्हींच्या मधला पासष्ट ऐंशी." मोजणी तिच्या हातात बसलेली. तिने गुणून आकडा लिहिला आणि कोपऱ्यातला लाल आकडा नाहीसा झाला. त्याच्या जागी हिरवा आला. चारशे बारा डॉलर तुम्हाला परत मिळतील. स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले आणि 'अभिनंदन' अशी अक्षरं आली. प्रवचन चालू असताना हसणाऱ्याकडे बघावं तसं आर्डिसने त्याच्याकडे बघितलं.

"चाळीस वाचली, आर्डिस," मी म्हटलं.

ती उठली नाही. नेहमीसारखी टेकलेली नव्हती, खुर्चीत मागे रेलून बसली होती. बराच वेळ झाला. मला घड्याळ बघायचं भान नव्हतं. मग तिने फाईलमधल्या मजकुरावर बोट ठेवलं. एलरॉय क्लुंडर आपल्या आवडत्या जागी, आवडतं काम करत असताना गेला.

"हे मी लिहिलं," ती म्हणाली. "सगळेच असं लिहितात ना इथे."

"छान लिहिलंयस."

"खोटं आहे. त्याला त्या दिवशी जायचंच नव्हतं." ती बोटाशीच बोलत होती. "शुक्रवारी क्लबात मासे खाऊन आलो. रात्रभर म्हणत होता, छातीत जळजळतंय. सकाळी म्हणाला, आज राहू दे, पडून राहतो. पहिला दिवस मोसमाचा, आणि हा पडून राहणार. मला घरात कुणी पडलेलं बघवत नाही, तुला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. मी कपाटातून त्याचं जाकीट काढलं आणि पलंगावर फेकलं. म्हटलं, ऊठ, आणि माझ्या पायात येऊ नकोस."

मी ऐकायला जवळ वाकले.

"त्याने उठून बूट घातले. मी मागे चादर बदलायला लागले, तो दारातून बाहेर पडायच्या आत." तिने स्क्रीनकडे मान केली. "आता हे म्हणतंय, तो गेला म्हणून सगळं माफ. आणि मी त्याला घालवलं, ते कुठे भरायचं? कुठल्या रकान्यात?"

इतके दिवस मी जिला गर्विष्ठ म्हणत होते ती ही बाई. मला माझी लाज वाटली. सुचलं ते म्हटलं. "आर्डिस, ते पलंगावरही झालं असतं."

"हो," ती म्हणाली. "पण घरात मी होते ना."

मी टेबलावरच्या पाटीवरून गुलाबी फीत आणून तिला दिली, ती तिने कोटाच्या खिशात टाकली. मग पुढे वाकून स्वतःच 'पाठवा' वर टिचकी मारली, आणि परत मागे रेलून बसली. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. कुणीतरी पुस्तक परत द्यायला आलं, टेबलापाशी थांबलं, वाट बघून ठेवून गेलं.

त्या दिवशी अडीचची बस पाच मिनिटं उशिरा निघाली. तीनला शाळेतून मला फोन आला. आर्डिस तुमच्याकडे असते म्हणून विचारतोय, म्हणाले, चौदा वर्षांत असं झालं नाही, काही घडलं का?

मी म्हटलं, नाही, कर भरायला बसली होती.